गावच्या दवाखान्याला वाली कोण?

नव्या इस्पितळाची कोनशिला बसते तेव्हा मंडप पडतो, हारतुरे होतात, छायाचित्रे झळकतात. परंतु बाजारपेठेतील एखादा चाळीस वर्षांचा जुना दवाखाना ज्या दिवशी कायमचा बंद होतो, त्या दिवशी कोणी भाषण करीत नाही. दारावरची पाटी उतरते, कंपाउंडर आपली पिशवी उचलून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन आलेली आई कुलपाकडे पाहत उभी राहते. पेडणे आणि डिचोली तालुक्यांच्या वाट्याला हे दृश्य येऊ नये, एवढ्याचसाठी आजचा हा लेखनप्रपंच.

मध्यंतरी पेडण्याच्या बाजारपेठेतील एका वयोवृद्ध डॉक्टरांकडे आम्ही बसलो होतो. त्यांनी मेजाच्या खणातून दोन पावत्या काढून आमच्यापुढे ठेवल्या. एक करोनाच्या साथीपूर्वीची, दुसरी अलीकडची. माल तोच : कापूस, गॉझ, सीरिंज, हातमोजे, स्पिरिट, सलाईनच्या बाटल्या, तापाच्या गोळ्या, दम्याचे औषध. नगही बहुतेक तेच. बेरीज मात्र ओळखू येऊ नये अशी. “संपादकसाहेब,” ते म्हणाले, “फी वाढवावी म्हटले तर समोर बसलेल्या बाईच्या पदराच्या गाठीकडे लक्ष जाते, आणि न वाढवावी म्हटले तर घाऊक व्यापारी पुढचा माल देत नाही. आता तुम्हीच सांगा, मी रोग्याचे ऐकू की व्यापाऱ्याचे?” आम्हांपाशी उत्तर नव्हते. परंतु हा प्रश्न ज्यांनी ऐकावयास हवा, त्यांच्या कानापर्यंत तो नेणे हे आमचे कर्तव्य आहे असे आम्ही मानतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आरोग्य म्हणजे इस्पितळ, असे समीकरण आपल्या राज्यकर्त्यांच्या मनात घट्ट बसले आहे. परंतु शंभर माणसे आजारी पडली तर त्यांतील थोडीच खाटेवर जातात. बाकीच्यांची पहिली पायरी म्हणजे गावचा डॉक्टर. त्याच्या भोवती मग रक्तलघवी तपासणारी लहानशी प्रयोगशाळा, औषधाचे दुकान, दातांचा दवाखाना, सांधे हलवून देणारा फिजिओथेरपिस्ट आणि घरोघरी जाऊन जखमेची पट्टी बदलणारी परिचारिका. इब्रामपूर, हणखणे, चांदेल, तोरसे या गावांतला माणूस असो की लाटंबार्से, मये, सर्वण येथला, त्याच्या आयुष्यातील वैद्यकशास्त्र बहुतांशी एवढेच असते. कासारवर्णे, साखळी, डिचोली येथे सरकारी आरोग्य केंद्रे आहेत आणि तेथील मंडळी आपल्या परीने राबतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सायंकाळी सातला पोटात कळ आली की माणूस ज्याचे दार ठोठावतो, तो हा इस्पितळाबाहेरचा सेवक होय. आज महागाईच्या जात्यात नेमका तोच भरडला जात आहे.

आता हिशेबाकडे वळू. आवश्यक औषधांच्या कमाल किमती केंद्राचे औषध किंमत प्राधिकरण ठरविते आणि घाऊक किमतींचा निर्देशांक जसा हलेल तशा त्या दर वर्षी एप्रिलमध्ये बदलतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये ही वाढ १०.७७ टक्के होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये १२.१२ टक्के. दोन वर्षांची मिळून वाढ २४ टक्क्यांच्या वर जाते. पुढे २०२४ साली ती नाममात्र राहिली आणि २०२५ साली १.७४ टक्के झाली, हे खरे. परंतु एकदा चढलेली पायरी खाली आली नाही. आणि ही झाली नियंत्रणाखालील औषधांची कथा. जी औषधे त्या यादीत नाहीत, त्यांच्या किमती वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढविण्याची कायद्यानेच मुभा आहे. दर वर्षी दहा टक्के म्हणजे आठ वर्षांत दुपटीहून अधिक! शेतमजुराची मजुरी आठ वर्षांत दुप्पट होते काय, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरी शोधावे.

त्यावर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आठ औषधांच्या अकरा प्रकारांची कमाल किंमत एकदम ५० टक्क्यांनी वाढविण्यात आली. ही औषधे कोणती? पेनिसिलिनचे इंजेक्शन, दम्यासाठीचे साल्ब्युटामॉल, क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिन, काचबिंदूवरचे पायलोकार्पिन, मनोविकारावरचे लिथियम आणि अॅट्रोपिन. ही श्रीमंतांच्या व्याधींची औषधे नव्हेत. बागायतीत फवारणी करताना कीटकनाशक अंगात भिनलेल्या मजुराचा जीव इस्पितळात पोहोचेपर्यंत तगावा, म्हणून गावचा डॉक्टर आपल्या कपाटात जी कुपी राखून ठेवतो, ती या अॅट्रोपिनची. प्राधिकरणाचे म्हणणे असे की, जुन्या किमतीत ही औषधे करणे कारखानदारांना परवडेनासे झाले होते आणि किंमत वाढविली नसती तर ती बाजारातूनच नाहीशी झाली असती. हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. औषध मुळीच न मिळण्यापेक्षा ते महाग मिळणे बरे. परंतु कारखानदाराच्या तोट्याची चिंता वाहणाऱ्या सरकारने त्या वाढीव किमतीचा भार शेवटी कोणाच्या खांद्यावर येतो, याचीही चिंता वाहिली असती तर शोभले असते.

औषधांच्या कच्च्या मालाची रड निराळीच. आपण परदेशांतून जी मूलद्रव्ये आणतो, त्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या चीनमधून येतात. तिकडे कारखाना बंद पडला किंवा जहाजाचे भाडे चढले, की त्याची झळ डिचोलीच्या दुकानातील गोळीच्या पाकिटाला लागते. त्यात रुपयाची घसरण. २०१४ साली ६० रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या डॉलरने २०२४ सालच्या अखेरीस ८५ चा टप्पा ओलांडला. विटंबना पाहा : औषधनिर्मिती हा गोव्याचा मोठा उद्योग. शापोरा नदीच्या पलीकडे कोलवाळला, तिकडे पिळर्णला, वेर्ण्याला औषधांचे कारखाने रात्रंदिवस चालतात आणि त्यांचा माल सातासमुद्रापलीकडे जातो. पण नदीच्या अलीकडच्या पेडण्यातील दवाखान्याला त्याच जातीच्या गोळीसाठी घाऊक व्यापाऱ्याच्या दारात उभे राहावे लागते.

हातमोज्यांचेही तसेच. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा जगातील निम्म्याहून अधिक हातमोजे पुरविणाऱ्या मलेशियाकडे सारे जग धावले आणि किमती आकाशाला भिडल्या. आपल्या दोडामार्ग, सत्तरी, डिचोलीच्या डोंगरउतारांवर रबराच्या बागा आहेत. झाडाला खाप पाडून चीक गोळा करणारे मजूर आपण रोज पाहतो. परंतु तो चीक कच्चा माल म्हणून बाहेर जातो आणि हातमोजा होऊन परत येतो तो परक्या भावाने. त्या साथीत केंद्र सरकारने २१ मार्च २०२० रोजी मुखपट्टीची किंमत बांधून दिली : दोन पदरी ८ रुपये, तीन पदरी १० रुपये. मनात आणले तर सरकारला भाव बांधता येतो, हे तेव्हा सिद्ध झाले. मग साथ ओसरताच ते मन कोठे गेले?

उपकरणांच्या बाजारात काय चालते, हे तर सरकारनेच चव्हाट्यावर आणले. २०२१ साली प्राधिकरणाने पाच साध्या उपकरणांची चौकशी केली : रक्तदाब मोजण्याचे यंत्र, साखर मोजण्याचे यंत्र, तापमापक, वाफारा देणारा नेब्युलायझर आणि बोटाला लावून प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटर. कारखान्यातून वितरकाकडे जाताना असलेली किंमत आणि खोक्यावर छापलेली किंमत यांतील तफावत काही ठिकाणी ७०९ टक्क्यांपर्यंत निघाली! जुलै २०२१ मध्ये ही तफावत ७० टक्क्यांवर आणण्याचा हुकूम सुटला. त्याचे श्रेय आम्ही देतो. परंतु पाच उपकरणांचा पडदा वर केल्यावर आत एवढा अंधार दिसला, तर ज्या शेकडो जिनसांवरचा पडदा अद्याप उचललाच नाही, तेथे काय असेल? हृदयातील स्टेंटची कमाल किंमत २०१७ च्या फेब्रुवारीत बांधली गेली. औषधलेपित स्टेंट २९,६०० रुपयांवर आणला गेला. त्याच वर्षी गुडघ्याच्या सांध्याचीही किंमत उतरली. या गोष्टी झाल्या त्या चांगल्याच झाल्या. परंतु स्टेंट आणि सांधा हे मोठ्या इस्पितळाचे सामान आहे. खेड्यातील जखम ज्यावर बांधली जाते तो गॉझ, जी सुई रोज टोचली जाते ती सुई, जो हातमोजा दर रोग्यागणिक टाकावा लागतो तो हातमोजा, यांच्या भावाला असे कुंपण नाही. छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवू नये, एवढेच काय ते बंधन. आणि छापील किंमतच मुळात फुगवून ठेवलेली असेल तर त्या बंधनाला अर्थ तो किती?

आता कराची गंमत ऐका. वैद्यकीय सेवेवर वस्तू व सेवा कर नाही, असे सरकार अभिमानाने सांगते. वरवर पाहता ही केवढी उदारता! परंतु ज्याला थोडे वाणीपण कळते, त्याला यातील मेख लगेच दिसेल. कापडाचा व्यापारी मालावर भरलेला कर आपल्या विक्रीच्या करातून वजा करून घेतो. डॉक्टरला ही वजावट नाही, कारण त्याच्या सेवेवर करच नाही! म्हणजे सीरिंजेवरचा कर, यंत्रावरचा कर, यंत्राच्या देखभालीच्या करारावरचा १८ टक्के कर, सारे त्याने मुकाट्याने भरावयाचे आणि आपल्या फीमध्ये पुरून टाकावयाचे. सेवा करमुक्त, पण सेवक करग्रस्त! मोठ्या इस्पितळालाही ही वजावट मिळत नाही हे खरे; परंतु त्याच्यापाशी वर्षाचा माल एकदम उचलण्याचे बळ आहे आणि त्या बळावर ते व्यापाऱ्याला नमविते. तीन पायऱ्यांच्या दवाखान्यापुढे व्यापारी कशासाठी नमेल?

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ३३ जीवरक्षक औषधांवरील कर पूर्णपणे उठला आणि गॉझ, पट्ट्या, रोगनिदानाचे संच, साखर मोजण्याची यंत्रे यांवरील करही ५ टक्क्यांवर उतरला. आम्ही या निर्णयाचे मनःपूर्वक स्वागत करतो; टीकाकाराने चांगल्याला चांगले म्हणण्याची लाज बाळगू नये. परंतु शंभरामागे सात रुपये कर कमी होण्यापूर्वीच दोन वर्षांत मूळ किंमत चोवीस टक्क्यांनी वाढून बसली होती, हेही विसरून चालणार नाही. आणि ही सूट रोग्यापर्यंत किती उतरली, मधल्या हातांनी किती गिळली, याची तालुकावार पाहणी झाल्याचे निदान आमच्या तरी ऐकिवात नाही.

वैद्यकीय कचऱ्याचा खर्च हा असाच न दिसणारा खर्च. २०१६ च्या नियमांप्रमाणे, एकही खाट नसलेल्या दवाखान्यानेही सुया, रक्ताचे बोळे, वापरलेले हातमोजे निरनिराळ्या रंगांच्या पिशव्यांत भरून मान्यताप्राप्त यंत्रणेकडे दिले पाहिजेत. हा नियम योग्यच आहे. नाल्यात सुया फेकणाऱ्याची बाजू आम्ही कधीही घेणार नाही. परंतु या सेवेवर पूर्वी नसलेला कर १८ जुलै २०२२ पासून १२ टक्के दराने बसला, तो २०२५ च्या फेरबदलात खाली आला. रोज मूठभर कचरा करणाऱ्या दवाखान्याला इस्पितळाच्या मापाने हाकणे हा कोणता न्याय? दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला, त्यातलीच ही गत!

या खर्चात पेडण्याची म्हणून एक निराळी भर आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थाही राष्ट्राला अर्पण झाली. दोन्ही भूषणावह. परंतु विमानतळामागोमाग जागांचे भाव चढले, भाडी चढली, आणि बाजारातील खोली आता दवाखान्यापेक्षा हॉटेलवाल्याला देणे मालकाला अधिक फायद्याचे वाटू लागले. हरमल, मोरजी, मांद्रे येथल्या किनाऱ्यावरील डॉक्टर परदेशी पाहुण्याकडून खर्च भरून काढू शकेल. हणखण्याच्या डॉक्टरने तो कोणाकडून काढावा? डिचोलीची व्यथा याहून वेगळी. तेथे खाणी २०१२ साली थांबल्या, पुढे सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. ट्रकवाला, गॅरेजवाला, टपरीवाला सारेच खाली बसले. २०२४ साली डिचोलीच्या खाणपट्ट्यात पुन्हा काम सुरू झाले, पण मधल्या वर्षांची उधारी डॉक्टरांच्या वह्यांत तशीच राहिली. एकीकडे सामान महाग, दुसरीकडे रोग्याचा खिसा रिकामा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

यावर कोणी म्हणेल, यात एवढे रडण्यासारखे काय आहे? बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हापशाचे जिल्हा इस्पितळ आहे, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे! होय, आहे. २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण आहे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांचे आहे. आकडे डोळे दिपविणारे आहेत. परंतु या दोन्ही योजनांचे दार इस्पितळाच्या खाटेपाशी उघडते. माणूस खाटेवर आडवा होईपर्यंत तो सरकारला दिसत नाही! दवाखान्यातील तपासणी, महिन्याची मधुमेहाची गोळी, रोजची पट्टी, यांसाठी त्याने आपला खिसाच चाचपावयाचा.

याचा परिणाम काय होतो, ते आम्ही डिचोली तालुक्यातील एका घरात डोळ्यांनी पाहिले आहे. मधुमेही वृद्धा, पायाला खिळा लागलेला. जखम बरी होण्यासाठी रोज पट्टी बदलणे जरूर होते. परिचारिका येत असे ती आपुलकीने. तिने मेहनतान्याचा आग्रह धरला नाही, परंतु गॉझ, सलाईन आणि हातमोजे तिला फुकट कोण देणार? मुलाने खर्चाचा मेळ घालण्यासाठी पट्टी दिवसाआड केली. मग दोन दिवसांआड. महिनाभराने पाय काळवंडला आणि बांबोळीला नेऊन दोन बोटे कापावी लागली. शस्त्रक्रिया विनामूल्य झाली! सरकारी कागदावर त्या कुटुंबाचे काही हजार रुपये वाचले अशी नोंद असेल. म्हातारी मात्र आज काठीवाचून ओटीपर्यंत येऊ शकत नाही. पट्टीचे पैसे वाचविण्यासाठी पाय देणे, असा व्यवहार आमच्या खेड्यांतून चालला आहे, आणि तो कोणाच्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

शिवाय बांबोळीची वाट तरी फुकट आहे काय? पेडण्याच्या आतल्या गावातून निघावे, म्हापशाला बस बदलावी, पणजीला पुन्हा बदलावी, रांगेत उभे राहावे आणि दिवेलागणीला घरी परतावे. रोग्याचा रोज बुडतो, सोबत आलेल्याचाही बुडतो. किरकोळ तापासाठी माणसे असे करू लागली तर बांबोळीच्या त्या इस्पितळाचाही श्वास कोंडेल. गावचा दवाखाना म्हणजे इस्पितळाचा धरणबांध आहे. तो फुटला तर पाणी कोठे जाईल हे सांगावयास इंजिनियर नको.

दुसरा आक्षेप असा : डॉक्टर काय गरीब आहेत? त्यांच्यासाठी आसवे कशाला? आमचे उत्तर सरळ आहे. वैद्यकीचा बाजार मांडणारे लोक आहेत, विनाकारण सलाईन लावणारे आहेत, नको त्या तपासण्या लिहून देणारे आहेत. त्यांची वकिली आम्ही करीत नाही. परंतु महागाईच्या वादळात नेमके तेच तगून राहतात आणि अल्प फीत पुडी-बाटली देणारा प्रामाणिक डॉक्टर पहिल्यांदा उन्मळून पडतो, हीच तर खरी भीती आहे. पेडणे तालुक्याच्या मातीशी नाते सांगणारे डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील. त्यांनी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी मुंबईत गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. त्या परंपरेतला शेवटचा डॉक्टर आपल्या डोळ्यांदेखत दुकान आवरून निघून गेला, तर भाऊ दाजींचे नाव घेण्याचा अधिकार तरी आपल्याला उरेल काय?

तिसरी गोष्ट सीमेची. २०१७ च्या जुलैमध्ये नवा कर आला आणि पत्रादेवी-दोडामार्गच्या नाक्यांवरील कराची भिंत पडली. मालाला सीमा उरली नाही. रोग्याला मात्र ती उरली. २०१८ च्या आरंभी बांबोळीत गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले आणि दोडामार्गात लोकांना आंदोलनास उतरावे लागले. २०२० च्या मार्चमध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा सासर अलीकडे आणि माहेर पलीकडे असलेल्या घरांची काय गत झाली, ती या पत्राच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. माकडताप आला तो सत्तरीच्या रानातही आला आणि बांद्याच्या रानातही. गोचिडीने कोणाचा रहिवासी दाखला पाहिला नाही! मग औषधाच्या खरेदीत तरी अलीकडचे आणि पलीकडचे यांनी एकमेकांकडे पाठ का फिरवावी?

केवळ गाऱ्हाणे गाऊन थांबणे हा आमचा स्वभाव नव्हे. म्हणून काही ठोस सूचना करतो.

पहिली सूचना कराविषयी. दवाखान्यात रोज लागणाऱ्या पन्नासेक जिनसांची यादी करावी आणि नोंदणीकृत लहान दवाखान्यांना त्यांवर भरलेला कर वर्षअखेर परत द्यावा. हे केंद्राच्या कर-परिषदेने करावे हे उत्तम. पण तिची वाट पाहण्याचे कारण नाही. त्या करातील अर्धा वाटा राज्याचा असतो. गोवा सरकारने निदान आपला अर्धा वाटा सोडून दाखवावा.

दुसरी सूचना खरेदीची. तामिळनाडूने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन करून सरकारी इस्पितळांसाठी एकत्रित खरेदीचा जो धडा घालून दिला, तो देशाने वाखाणला. आपली सरकारेही निविदा काढून स्वस्त दराने माल घेतात. तोच दर, रोख पैसे भरण्याच्या अटीवर, तालुक्यातील लहान दवाखान्यांना आणि घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांना खुला करावा. यात तिजोरीचा छदामही जात नाही. तिसरी सूचना अशी की, दीनदयाळ योजनेच्या लाखांच्या छत्रातील दोन-चार हजार रुपये मधुमेह, रक्तदाब, दमा आणि जखमांच्या पट्ट्या यांसाठी खाटेबाहेर वापरण्याची मुभा द्यावी. आणि चौथी, कचऱ्याचे शुल्क वजनाप्रमाणे असावे, पाटीप्रमाणे नव्हे.

आता सरकारपुरतेच बोलून आम्ही स्वस्थ बसणार नाही, कारण काही करणे आपल्याही हातांत आहे. बागायतदारांनी फोंड्याला आपली सहकारी खरेदी-विक्री संस्था उभारली आणि सुपारी-नारळाला भाव मिळवून दिला. त्यांच्या बाजारांतून आज गृहिणी किराणा नेतात. जे बागायतदाराला साधले ते डॉक्टरांना का साधू नये? पेडणे, डिचोली, सत्तरी आणि पलीकडील बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग येथील डॉक्टर, प्रयोगशाळाचालक आणि परिचारिका यांनी एकत्र येऊन सहकारी खरेदी संघ काढावा. एकटा डॉक्टर दहा खोकी हातमोजे मागतो तेव्हा व्यापारी त्याला भाव सांगतो. शंभर डॉक्टर हजार खोकी मागतील तेव्हा ते व्यापाऱ्याला भाव सांगतील. करसीमा पडल्यामुळे असा संघ दोन राज्यांत मिळून चालविणे आज पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही.

डॉक्टरांनाही आमचे एक सांगणे आहे. लोकांनी तुमच्या मागे उभे राहावे असे वाटत असेल तर फीचा फलक भिंतीवर लावा, पावती द्या, मूळ नावाचे स्वस्त औषध लिहा आणि जनऔषधी केंद्रात मिळते ते तेथूनच घ्यावयास सांगा. गरज नसलेली सुई टोचू नका. रोग्याच्या मागणीलाही नकार देण्याचे धैर्य दाखवा. आणि वाचकहो, तुम्हीही “डॉक्टर, एक इंजेक्शन द्याच” असा हट्ट सोडा. वर्षभराची उधारी गणेशचतुर्थीपूर्वी चुकती करा. ग्रामसभेत रस्ता आणि गटार यांच्याबरोबर दवाखान्याचाही विषय काढा. आपल्या पंचायतीने ठराव करून तो आमदारांच्या हाती द्यावा आणि पुढच्या अधिवेशनात त्याचे काय झाले, ते विचारावे.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांना स्वतःच्या खिशातून भरावा लागणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला, असे सरकारी हिशेब सांगतो. ही घट समाधानाची आहे. परंतु राहिलेल्या त्या शंभरातल्या एकोणचाळीस रुपयांचा मोठा भाग जातो तो खाटेबाहेरच्या उपचारांवर आणि औषधांवर. म्हणजे दवाखान्याच्या दारात, औषधाच्या दुकानात आणि घरच्या पट्टीवर. जेथे माणूस खरोखर पैसे मोजतो, तेथेच सरकारची सावली पोहोचत नाही.

तुये येथे नव्या इस्पितळाची इमारत उभी राहिली तरी वर्षानुवर्षे रोग्यांची वाट पाहत राहिली, हे पेडणेकरांनी अनुभवले आहे. इमारत बांधता येते, तिला रंग देता येतो; पण रात्री दहाला कंदील हाती घेऊन दार उघडणारा माणूस निविदा काढून मिळत नाही. असा माणूस आज आपल्या बाजारपेठेत अद्याप बसलेला आहे. त्याच्या मेजावर दोन पावत्या आहेत आणि समोर पदराची गाठ सोडणारी बाई आहे. त्या दोघांच्या मध्ये उभे राहून त्यांचा भार उचलणे हे सरकारचे काम आहे. ते काम त्याने केले नाही, तर दवाखान्याला वाली कोण, हा प्रश्न उद्या आम्ही संपादकीयातून विचारणार नाही. तो लोकच रस्त्यावर येऊन विचारतील.